उलटा शिवून सुलटा

दिवाडीची फेरी सात-दहाला सुटते.
मी सात-नऊला धावते.
टाचा उंच असत्या, तर ही ओळ
पुढच्या फेरीत लिहिली असती.

काळ्या चामड्याचे, सपाट, पुढून गोल,
वर जुईच्या कळीएवढी गाठ.
एर्मेलिंदबायनं दिले.
पॅरिसात कुणाची तरी मुलं सांभाळायला गेली होती ती,
अठ्ठ्याहत्तर साली.
पहिल्या पगारात हे घेतले, दुसऱ्यात कोट.
मधला महिना थंडीचा होता.

आता तिचे पाय सुजतात.
"घाल गो तू," म्हणाली,
"पेटीत राहून चामडं रुसतं."

रायबंदरला चर्चच्या पायऱ्यांखाली गुणो बसतो.
तळ झिजला म्हणून नेले, तर
हातात घेऊन कितीतरी वेळ नुसताच फिरवत राहिला.
"हा उलटा शिवलाय, बाई.
आतली बाजू बाहेर ठेवून शिवायचा,
मग ओला करायचा
आणि उशीच्या अभ्र्यासारखा आत हात घालून
सुलटा काढायचा. टाके आत जातात.
कुणाला दिसत नाहीत."
"मग कळतात कसे?"
"तुटले की."

आणि ही गाठ, म्हणाला, शोभेची नव्हे.
कडेच्या पट्टीतून दोरी फिरते सगळीकडून.
पाय बारीक असला की ओढायची, बांधायची.
उरलेली टोकं, त्यांचं फूल झालं.

उरलेली टोकं, त्यांचं फूल.
हे मनात घोळवत मी सातवीला संधी शिकवली
आणि फळ्यावर चूक लिहिली.
पोरांनी ती तशीच उतरवून घेतली.

सोमवारी देवळात:
टाच जरा मागे ओढली की आपसूक सुटतात,
हातातला नारळ खाली ठेवावा लागत नाही.
रविवारी एर्मेलिंदबायला चर्चमध्ये पोचवते:
तिथे पायातच राहतात,
लादीवर चकार शब्द काढत नाहीत.
दोन्हीकडे त्यांचं वागणं
माझ्यापेक्षा बरं आहे.

पर्वरीच्या काचेच्या दुकानातली मुलगी म्हणाली,
"मॅडम, ही फॅशन परत आलीय."
मी माझ्या पायांकडे पाहिलं.
तिनंही पाहिलं.
परत यायला आधी कुठेतरी जावं लागतं,
असं काही मी बोलले नाही.
एक पिशवी मोजे घेतले.

दोष आहेत, लपवत नाही.
जून ते सप्टेंबर ते कपाटात,
पोटात वर्तमानपत्र भरून.
आणि तळ इतका पातळ
की खडा पायाखाली आला तर त्याचं गाव सांगता येतं:
हा चिऱ्याचा, हा खाजणाच्या बांधावरचा,
हा कुणाच्या तरी छपराच्या फुटक्या कौलाचा.
फेरीच्या पत्र्यावर उभी राहिले की
इंजिन आधी घोट्याला कळतं,
मग कानाला.
जाड तळाच्या चपलांत मी वीस वर्षं
ही नदी ओलांडली
आणि मला वाटायचं,
फेरी गुळगुळीत चालते.

आज मासळीचा टेंपो पुढेच आडवा उभा.
पलीकडचा धक्का दिसेना.
शाळेची किल्ली सुलक्षाकडे;
ती आली की नाही, एवढंच पाहायचं होतं.
मी टाचा उचलल्या.
बोटांवर उभी राहिले,
एक हात टेंपोच्या ओल्या फळीवर.

मी कधी नाचलेली नाही.
त्रेपन्न वय, पासष्ट किलो,
खांद्यावरच्या पिशवीत चौतीस वह्या,
त्यातली निम्मी माझीच चूक.
दोर सोडणारा पोरगा म्हणाला, "बाई, सांभाळून."
बांगड्यांची टोपली त्यानं पायानं
जराशी बाजूला सारली,
मला जागा व्हावी म्हणून.

सुलक्षा आली होती.
उन्हाची छत्री हलवत होती.

दिसली, तरी टाचा
मी लगेच खाली टेकवल्या नाहीत.